ईएसआर उतरला तो गुरुवार

तुमची आतेबहीण गेली तेव्हा तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की तिला संधिवात होता आणि तो फार बळावला. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. तुम्ही फोनवर मला विचारलंत, "आजी, संधिवात तर म्हाताऱ्यांना होतो ना?" आणि मी तुमच्या शाळेचं काहीतरी काढून विषय बदलला. आता नीट लिहून ठेवते. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते, तुम्हाला सोपं जावं म्हणून. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं तर हॉस्पिटलचा कागद वाचल्यासारखं वाटलं. तिचं बोलणं त्यात कुठेच येत नव्हतं. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

ती सात वर्षांची होती तेव्हा तिला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. सकाळी अंग थंड, दुपारी खेळणं चालू, आणि पाच-सहा वाजले की एकशे तीन. तापासोबत छातीवर, दंडांवर फिकट गुलाबी ठिपके उठायचे आणि ताप उतरला की पुसल्यासारखे जायचे. मग मनगटं सुजली, गुडघे सुजले. टूथपेस्टची नळी दाबता येईना. तुमची आत्या आणि तिचे यजमान सावनेरला राहतात. ते कोळशाच्या खाणीत नोकरीला, ती शाळेत शिक्षिका. तिथल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, मलेरिया म्हटलं, सगळ्यांची औषधं झाली. शेवटी इथे, माझ्या शहरात, धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला पायापासून मानेपर्यंत तपासलं आणि सांगितलं की हा लहान मुलांचा संधिवात आहे आणि तो फक्त सांध्यांत नाही, सगळ्या अंगात आहे.

दर आठवड्याला रक्त तपासायचं, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, म्हणजे सावनेरहून खेपा होणार. म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. इथल्याच शाळेत तिसरीत नाव घातलं. दीड वर्ष ती माझ्याजवळ होती.

तुम्हाला माहीत आहे, मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. हजारो गुणपत्रिका माझ्या हाताखालून गेल्या. एखादा आकडा चुकला तर एखाद्या मुलाचं वर्ष जातं, ही भीती पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेली. तीच शिस्त मी तिच्या आजाराला लावली. एक मोठी वही केली. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला ताप घ्यायचा, लिहायचा. रक्ताचा अहवाल आला की उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा पाहायची. मर्यादेबाहेरचा आकडा लाल शाईने, आतला निळ्या शाईने. डॉक्टरीणबाई वही पाहून म्हणायच्या, "तुमच्यासारखे पालक मिळाले तर आमचं काम अर्धं होईल." मला ते आवडायचं, हे कबूल करते.

तुमच्या आत्याचे यजमान मात्र हसायचे. "आई, पोरगी आहे ते, मार्कशीट नाही."

ती स्वतः त्याचा खेळ करायची. अहवाल आला की माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहायची. "सांग आजी, आज मी पास की नापास?"

"नापास. ईएसआर शंभराच्या वर."

"मग ग्रेस मार्क दे ना. तू तर तिथेच कामाला होती."

ईएसआर म्हणजे रक्तातल्या लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्याचं माप. अंगात दाह असला की तो वाढतो. निरोगी मुलाचा वीसच्या आत असतो. तिचा कधी नव्वद, कधी एकशे दहा. पांढऱ्या पेशी वीस-बावीस हजार, प्लेटलेट सहा-सात लाख. दीड वर्ष वहीची ती पानं लालच होती. कधी ताप उतरायचा, दोन महिने शाळा व्हायची, मग पुन्हा सुरू.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई. तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला सांडगे तळून दिले होते, त्याच. मूळच्या कुहीकडच्या, चौथी शिकलेल्या. माझ्याकडे बारा वर्षं आहेत. सकाळी पोरीचे हात आखडलेले असायचे, मूठ वळायची नाही. बाई आल्या आल्या घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घेऊन तिच्यासमोर बसायच्या आणि एकेक बोट पाण्यात चोळायच्या. दोघींचं तेव्हा भांडण चालायचं.

"हळू वं मावशी, बोट तुटते ना."

"तुटलं तं दुसरं लावू. बस चुपचाप."

श्रावण अमावस्येला पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी इथली मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, लोक त्यांना खाऊ देतात. तिला तिच्या बाबांनी चाकांचा बैल आणून दिला होता. पंधरा दिवस तिचं दुसरं बोलणं नव्हतं. शिंगांना बेगड लावली, गळ्यात माझ्या जुन्या साडीच्या काठाची झूल. बैल मनगटाने ओढता येणार नाही म्हणून दोरी कमरेला बांधायची, असं तिनेच ठरवलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, रक्ताचा अहवाल आला. ईएसआर चौदा.

मी दोनदा चष्मा पुसला. पांढऱ्या पेशी पाच हजार. प्लेटलेट एक लाख ऐंशी हजार, मर्यादेच्या आत. हिमोग्लोबिन कमी होतं, पण ते तर आपल्याकडे अर्ध्या मुलींचं कमी असतं. दीड वर्षात पहिल्यांदा एवढं निळं पान झालं. ती पलंगावर पडली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आज पास."

ती म्हणाली, "खरंच?" आणि डोळे मिटून घेतले.

तुमच्या आत्याला मी लगेच फोन केला. एकेक आकडा वाचून दाखवला. ती रडायलाच लागली. तिने त्याच दिवशी शाळेत पेढे वाटले, हे मला नंतर कळलं.

आता जे लिहायचं आहे ते सावकाश लिहिते. वाईट अहवाल आला की मी तासाभरात त्याचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवत असे. हा पाठवला नाही. सोमवारी दाखवायला जायचंच होतं. चांगल्या अहवालासाठी सणाच्या दिवसांत त्यांना कशाला त्रास द्यायचा, असं मी ठरवलं. तापही मी लिहीत होते. गुरुवारी सकाळी आठला एकशे एक. शुक्रवारी सकाळी एकशे दोन. दीड वर्षात सकाळी ताप कधीच नसायचा, संध्याकाळीच असायचा. मी ते दोन्ही आकडे लाल शाईने लिहिले आणि गल्लीत व्हायरलची साथ आहे असं मनाशी म्हणून वही मिटली.

शनिवारी तान्हा पोळा. सकाळपासून गल्लीत मुलांचा आरडाओरडा. तिकडे महालकडून मारबतीची, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली होती, त्याचे ढोल इथपर्यंत येत होते. ती उठली नाही. बैल कोपऱ्यात तसाच. मी म्हटलं, "अगं, जायचं ना?" ती म्हणाली, "उद्या." तान्हा पोळा उद्या नसतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

बाई घमेलं घेऊन बसल्या. थोड्या वेळाने ओल्या हातानेच माझ्याकडे आल्या.

"आजी, पोरगी सकायपासून तपून राहिली. कालही तशीच होती. उतरूनच नाही राहिला ताप."

"व्हायरल आहे, बाई. रिपोर्ट एकदम चांगला आला आहे."

"आन् बोटं चोळली तं भांडली नाही माह्याशी. मी मुद्दाम जोरात चोळली."

"दमली असेल."

"बैल सोडून झोपून राहिली, आजी. हे पोरीचं काम नाही. डॉक्टरणीले फोन लावा ना."

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. का धरली मला माहीत नाही, त्यांना त्या आकड्यांतलं काही कळणार नव्हतं. मी म्हटलं, "हे बघा. दीड वर्षात असं पान कधी आलं नव्हतं. सोमवारी जायचंच आहे."

बाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. "तुमचा कागद चांगला असन," त्या म्हणाल्या. "पोरगी चांगली नाही."

मला राग आला. बत्तीस वर्षं आकडे पाहिलेल्या माणसाला चौथी शिकलेली बाई सांगते, असं माझ्या मनात आलं. तोंडाने मी इतकंच म्हटलं, "पोळ्या टाका आता, उशीर होतो आहे." त्या गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, मिरवणुकीत ओरडतात तेच, "रोगराई घेऊन जा गे मारबत."

रविवारी सकाळी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना. पोटावर, मांड्यांवर निळे डाग दिसले. तिने मला "आई" अशी हाक मारली. मी तिला रिक्षात घालून धंतोलीला नेलं.

डॉक्टरीणबाई रविवार असून आल्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, यकृत वाढलं होतं. गुरुवारचा अहवाल हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा कधी आला?"

"गुरुवारी. पण हा तर नॉर्मल..."

"आजी, हिचा ईएसआर शंभर असतो. तो औषध न बदलता चौदावर कसा येईल?"

मग त्यांनी समजावलं. या आजारात कधी कधी शरीराची राखण करणारी यंत्रणाच चवताळते. जंतू खाणाऱ्या पेशी स्वतःच्याच रक्ताच्या पेशी खायला लागतात. म्हणून सगळे आकडे खाली येतात, आणि खाली येताना काही दिवस ते निरोग्यांच्या मर्यादेतून जातात. रक्त गोठवणारं द्रव्य संपत आलं की ईएसआरही उतरतो. दाह कमी झाला म्हणून नाही, दिवाळं निघालं म्हणून. या प्रकाराला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. मी नाव लिहून घेतलं. मी तेव्हाही लिहून घेत होते.

तिला अतिदक्षता विभागात नेलं. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. फेरिटिन नावाची एक तपासणी असते, ती हजारांत आली. स्टेरॉइडचा मोठा डोस तीन दिवस सलाइनमधून. त्यानंतर सायक्लोस्पोरिन. हे अवयव बदललेल्या लोकांना देतात, शरीराच्या प्रतिकाराला वेसण घालण्यासाठी. आणखी एक इंजेक्शन परदेशातून मागवावं लागतं, त्याची धावपळ तुमच्या बाबांनी तिकडून केली. तुम्हाला आठवत असेल, ते आठवडाभर फोनवरच होते. ते इंजेक्शन इथे पोचलं तेव्हा उशीर झाला होता. प्लेटलेट द्यायला सावनेरहून तिच्या बाबांचे खाणीतले सोबती आले. कपडे बदलून आले होते, तरी नखांत कोळसा होता. एकेकाला बोलावेपर्यंत ते जिन्यात बसून राहायचे.

चौथ्या दिवशी ताप उतरला. तिने डोळे उघडले, पाणी मागितलं. तिच्या बाबांना पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्युटीले नाही गेले?" तुमची आत्या माझ्या गळ्यात पडली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, आजचे आकडे चांगले आहेत हं." मला आनंद झाला नाही. मी त्या सिस्टरच्या तोंडाकडे पाहत राहिले. चांगले म्हणजे काय, हे आता मला कुणाला तरी विचारायचं होतं, पण विचारता येत नव्हतं.

जावई दोनदा येऊन म्हणाले, "आई, जरा घरी जाऊन या. काहून बसून राहिल्या सकायपासून?" मी गेले नाही. काचेतून ती दिसायची. स्टेरॉइडने चेहरा फुगला होता, कुणी दुसरीच मुलगी झोपली आहे असं वाटायचं.

सातव्या दिवशी छातीत संसर्ग झाला. प्रतिकाराला वेसण घातली होती ना, ती घालणं भागच होतं, आणि म्हणूनच जंतूंना मोकळं रान मिळालं. वेसण आवळावी तर संसर्ग मारतो, सैल सोडावी तर मूळ आजार. डॉक्टरीणबाई दोन्हींच्या मध्ये धावत होत्या. अकराव्या दिवशी दुपारी सव्वाबाराला ती गेली.

तेरावं झाल्यावर मी एकटी वही घेऊन धंतोलीला गेले. बाहेर रोजच्यासारखी गर्दी होती, यवतमाळची, गोंदियाची, कुठकुठली माणसं मांडीवर आजारी मुलं घेऊन बसलेली. माझा नंबर आला. मी विचारलं, "गुरुवारीच आणली असती तर?"

त्यांनी वही उघडून गुरुवारचं पान पाहिलं. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही. काही मुलं पहिल्या दिवशी आणूनही जातात. काही वेळा दोन-तीन दिवसांनी फरक पडतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू का?"

"नको."

"हिचे आकडे खाली आले तरी मला कळवा, हे मी तुम्हाला सांगून ठेवायला हवं होतं. तुमची वही पाहून वाटलं, तुम्ही कळवालच."

मी घरी आले. अहवाल आधी आला होता हे तुमच्या आत्याला माहीत होतं, मीच तिला आकडे वाचून दाखवले होते. त्याचा दोष तिने मला कधी दिला नाही; स्वतःलाच देत होती, पेढ्यांसाठी. पण बाईंनी शनिवारी मला सांगितलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. बाई कधीच बोलल्या नसत्या. मी गप्प राहिले असते तर ते माझ्याबरोबर गेलं असतं. दोन महिने गप्प राहिलेही.

तुमची आत्या पोरीचे कपडे न्यायला आली होती, दिवाळीनंतर. गणवेशाच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "तुला एक सांगायचं आहे," आणि सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मी काय म्हटलं, पोळ्या टाका म्हटलं तेही.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. बाई कणीक मळत होत्या.

"मावशी, तुमाले शनिवारीच कळलं होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो, ताई."

"मग मले फोन काहून नाही केला?"

"तुमचा नंबर माह्यापाशी कुठे होता, ताई?" बाई म्हणाल्या. "आजीच्या मोबाइलात राहते तो. म्या मागितला असता, तं आजीले वाटलं असतं, मी त्यायच्यावर जाऊन राहिली."

बारा वर्षांत मला ते कधी सुचलं नव्हतं. फ्रिजवर मी सगळ्यांचे नंबर टाइप करून लावले होते, डॉक्टर, औषधवाला, रिक्षावाला, शाळा. इंग्रजीत.

तुमच्या आत्याने हात पुढे केला. बाईंनी कणकेची बोटं पदराला पुसून कनवटीचा छोटा फोन काढून दिला. तिने त्यात आपला नंबर घातला, एकदा रिंग देऊन पाहिली, फोन परत दिला. मग ती बाहेर येऊन उरलेल्या घड्या घालू लागली.

त्यानंतर ती इथे राहायला आलेली नाही. मी फोन केला तर उचलते. "बरी आहेस ना?" विचारते, मी "बरी आहे" म्हणते, ती "बरं" म्हणते. माझ्या बोलण्यावर ती विसंबत नाही, आणि तिने का विसंबावं. रोज सकाळी दहाच्या सुमारास बाईंचा फोन वाजतो. मी आतल्या खोलीत असते, बाई आवाज खाली करतात तरी ऐकू येतं.

"हो ताई... नाही, काल अर्धीच पोळी खाल्ली... हो, औषध माह्यासमोर घेतलं... नाही, बोलत नाहीत फार. लिहून राहिल्या काहीतरी, चार दिवस झाले."